बोलका डबा घरात आला, आता पुढे काय?



पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली मुले दिवाळीला गावी येताना हल्ली मिठाईच्या जोडीला एक बोलका डबा घेऊन येतात. डबा कसला, तांब्याएवढे लहानसे यंत्र. ‘अ‍ॅलेक्सा’ किंवा ‘ओके गूगल’ अशी हाक मारली की ते जागे होते आणि विचाराल त्याचे उत्तर देते. स्मार्ट स्पीकर हे त्याचे बाजारातले नाव. अ‍ॅमेझॉनचा डबा आपल्या देशात २०१७ साली आला, गूगलचा २०१८ साली. करमाळा तालुक्यात गावोगाव फिरताना मला दोन तऱ्हेची घरे दिसतात. काही घरांत हा डबा टीव्हीशेजारी रुमालाने झाकून ठेवलेला असतो. काही घरांत त्याच्या तोंडचा शब्द ब्रह्मवाक्य मानला जातो. पहिल्या घराचे पैसे वाया जातात. दुसऱ्या घराचे पीकही वाया जाऊ शकते. म्हणून याचा उपयोग कशासाठी करावा आणि कशासाठी करू नये, ते आज पाहू.

डबा चालतो कसा?

डब्याला स्वतःची अक्कल फार थोडी असते. त्याला कान आहेत, तोंड आहे, पण डोके दूर कंपनीच्या संगणकात आहे. आपण हाक मारून प्रश्न विचारला की आपला आवाज इंटरनेटवरून तिकडे जातो, तिथे त्याचे शब्द होतात, उत्तर शोधले जाते आणि ते डब्यातून आपल्याला ऐकू येते. म्हणून त्याला दोन गोष्टी लागतात, वीज आणि इंटरनेट. गावठाणात राहणाऱ्यांची फारशी अडचण होत नाही. पण वस्तीवर शेतीच्या फिडरवरची वीज गेली की डबा मुका होतो, कारण बहुतेक डब्यांत बॅटरी नसते. फोनच्या हॉटस्पॉटवर डबा चालतो, मात्र तो फोन घरात राहिला पाहिजे. फोन खिशात घालून कारभारी रानात गेले की डबा गप्प.

भाषेचेही समजून घ्या. अ‍ॅलेक्साला आपल्याकडे इंग्रजी कळते आणि २०१९ पासून हिंदी. मराठी गाणे नाव सांगितले तर ती लावते, पण मराठीतल्या गप्पा तिला नीट जमत नाहीत. उलट फोनमधल्या गूगल असिस्टंटला २०१८ सालीच मराठी आली. तेव्हा ज्यांच्या घरी चांगला फोन आहे, त्यांनी मराठीत विचारण्यासाठी मुद्दाम चार-पाच हजार रुपये घालून डबा घेण्याची घाई करू नये. आधी फोनशीच बोलून पाहावे.

हात गुंतलेले, डोळे थकलेले

डब्याचा खरा उपयोग ज्याचे हात गुंतले आहेत किंवा डोळे थकले आहेत त्याला. भाकरी थापताना हात पिठात असतात. तेव्हा ‘वीस मिनिटांनी आठवण कर’ एवढे सांगितले की चुलीवरची डाळ लागत नाही. सकाळी आठची रक्तदाबाची गोळी आजीच्या ध्यानात राहत नाही आणि घरातली सगळी मंडळी तोवर केळीत नाही तर उसात गेलेली असतात. रोज त्या वेळेला डब्याने आठवण करावी अशी एकदाच व्यवस्था लावून ठेवता येते. मात्र गोळीची डबी आजीच्या हाताशी हवी आणि संध्याकाळी गोळ्या मोजणारे माणूसही हवे. आठवण झाली म्हणजे गोळी पोटात गेली असे नव्हे.

ज्यांच्या फिडरवर अजून रात्रीची पाळी आहे, त्यांना पाण्यावर जाण्याचा गजर लावता येतो. ज्यांना अक्षरओळख नाही किंवा मोतीबिंदूमुळे दिसत नाही, त्यांना पहाटे अभंग आणि दिवसा बातम्या कोणाची मनधरणी न करता ऐकता येतात. आकाशवाणीनेही आपले कार्यक्रम २०१९ मध्ये अ‍ॅलेक्सावर आणले.

मुलांनाही त्याचा उपयोग आहे. अमरावती जिल्ह्यात वरूडच्या जिल्हा परिषद शाळेत एका शिक्षकाने पुतळ्याच्या आत असा डबा बसवला आणि मुले त्या पुतळ्याशी इंग्रजीत बोलू लागली. मास्तरांसमोर इंग्रजी बोलायला लाजणारे पोर यंत्रासमोर लाजत नाही. शब्द चुकला तर यंत्र हसत नाही, पण नीट उच्चारल्याशिवाय दादही देत नाही. घरी संध्याकाळी पाढे, स्पेलिंग यांचा असा सराव करून घेता येईल.

हिशेब त्याचा, निर्णय आपला

आता शेतीकडे वळू. डबा हिशेबाला पक्का आहे. समजा, रब्बी ज्वारीला एकरी ४ किलो बियाणे धरले आणि आपले रान आहे २५ गुंठे. चार गुणिले पंचवीस, भागिले चाळीस असे विचारा. अडीच किलो हे उत्तर तो चटकन देईल. औषधाच्या लेबलवर लिटरला २ मिली लिहिले असेल, तर १५ लिटरच्या पंपाला ३० मिली हेही तो बरोबर सांगेल. ‘२५ गुंठ्यांना किती?’ असे मात्र थेट विचारू नका. गुंठा म्हणजे काय हे त्याला ठाऊक असेलच असे नाही. आकडे आपण मांडून द्यावेत, आकडेमोड त्याने करावी.

पण ‘केळीची पाने पिवळी पडली, काय फवारू?’ असा प्रश्न त्याला कधीही विचारू नका. का, ते समजून घ्या. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी पडलेले असते. नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोहाची कमतरता असते, आणि आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात ती वारंवार दिसते. पानांवर रेघा आणि ठिपके येऊन पान वाळत असेल तर तो करपा. पाणी साचून मुळ्या कुजल्या असतील तर फवारणीचा काही उपयोग नाही, चर काढून निचरा करावा लागतो. तक्रार एकच, पण कारणे चार आणि उपायही चार. डब्याला कान आहेत, डोळे नाहीत. त्याने आपले पानही पाहिलेले नाही आणि रानही. अर्धवट प्रश्नाला तो ठासून उत्तर देतो आणि त्या उत्तरापायी आपण दुकानातून हजार-दोन हजारांची चुकीची बाटली आणतो. पैसे जातात, दिवस जातात आणि रोग वाढत राहतो.

अशा वेळी पान घेऊन गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना गाठा. आपण त्यांना अजून कृषी सहायकच म्हणतो, ते असो. ते भेटले नाहीत तर किसान कॉल सेंटर आहे. २००४ पासून चालू असलेल्या या सेवेचा नंबर १८००-१८०-१५५१. सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत फोन लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. पलीकडचे माणूस ‘कोणती पाने, जुनी की नवी?’ असे उलट विचारते, आणि तिथेच निम्मे निदान होते. राज्याच्या कृषी विभागाने २०२५ साली आणलेल्या ‘महाविस्तार-एआय’ या अ‍ॅपवरही मराठीत प्रश्न विचारता येतो. तरीही फवारणीपूर्वी बाटलीवरचे लेबल, त्यावरचा रंगीत त्रिकोण आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे ते स्वतः वाचा, नाहीतर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या.

जुनी रीत आजही उपयोगाची

यंत्राकडून सल्ला घेणे आपल्याला नवे नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत दीडशे गावांमध्ये एक प्रयोग केला. गावातली वीसेक माणसे आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती बसत. अर्धा तास कार्यक्रम ऐकत, मग त्यावर आपसात चर्चा करत. शंका उरली तर केंद्राला कळवत आणि पुढे कार्यक्रमातूनच उत्तर येई. ऐका, चर्चा करा, मग करा, अशी ती रीत होती. तिच्यातला मधला शब्द मोलाचा. डब्याचे उत्तर चटकन येते म्हणून चर्चा गाळायची नसते. त्याने सांगितलेले चारचौघांत मांडा, शेजारच्या अनुभवी शेतकऱ्याला विचारा, मग हात घाला. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असे आपण म्हणतोच. तिथे यंत्राचेही धरा.

भिंतीला कान

शेवटी सावधगिरीच्या चार गोष्टी. पहिली, हा डबा हाकेची वाट पाहत सतत कान देऊन असतो आणि कधी कधी हाक न मारताही चुकून जागा होतो. पैशाचे, जमिनीच्या व्यवहाराचे किंवा सोयरिकीचे बोलणे निघाले की वरचे माईकचे बटण दाबून त्याचे कान बंद करा. बँकेचा पिन आणि ओटीपी त्याच्यासमोर उच्चारू नका. दुसरी, आपले साठवलेले बोलणे कंपनीच्या अ‍ॅपमधून पुसता येते. ज्याने डबा आणला त्या मुलाकडूनच ते शिकून घ्या. तिसरी, साप चावला, औषधाची विषबाधा झाली, छातीत दुखू लागले, तर डब्याशी बोलत बसू नका. फोन उचला आणि १०८ लावा. चौथी, डब्याच्या हुकमाने चालणारे प्लग मिळतात, ते दिव्याला आणि पंख्याला ठीक. विहिरीवरची पाच अश्वशक्तीची थ्री-फेज मोटार त्यावर चालवायची नसते. तिला तिचा स्टार्टरच हवा.

डबा घरात आलाच आहे तर त्याच्यावरचा रुमाल काढा. गजर, आठवण, हिशेब, अभंग आणि पोरांचे पाढे एवढी कामे त्याला खुशाल सांगा. औषध कोणते, डॉक्टर कोणता आणि पैसा कुठे, हे मात्र माणसांनी माणसांना विचारूनच ठरवा.