कायद्यात मन आहे, केसपेपरवर नाही

संततिनियमनाचे साधन फसून राहिलेली गर्भधारणा स्त्रीच्या मनावर गंभीर आघात करते, असे वैद्यकीय गर्भपाताचा १९७१चा कायदा गृहीतच धरतो. पूर्वी हे गृहीतक विवाहितेपुरते होते; २०२१च्या दुरुस्तीने ते कोणत्याही स्त्रीने किंवा तिच्या जोडीदाराने वापरलेल्या साधनाला लागू झाले. म्हणजे आपण डॉक्टर रोज ज्या आधारावर सही करतो, तो आधार मानसिक आरोग्याचा आहे. प्रत्यक्षात गर्भपाताच्या फॉर्ममधल्या या आधाराच्या ओळीवर खूण होते, सोनोग्राफी होते, हिमोग्लोबिन पाहिले जाते आणि मनाचा विषय तिथेच संपतो.

समोर बसलेली बाई ‘मी उदास आहे’ असे सहसा म्हणत नाही. ‘पाळी चुकलीय, काहीतरी करा’ म्हणते, नाहीतर झोप येत नाही, जेवण जात नाही, छातीत धडधडते असे सांगते. दिवस गेल्यावर हे व्हायचेच, म्हणून आपण ते सोडून देतो. नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ साली तयार झालेल्या एडिंबरा प्रश्नावलीत शारीरिक तक्रारी जाणूनबुजून कमी ठेवल्या आहेत, त्या याच कारणाने. ती बाळंतिणींसाठी बनली, पण गरोदरपणातही वापरली जाते. प्रश्न १० आहेत आणि शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला ‘कधीच नाही’ याखेरीज दुसरे कोणतेही उत्तर आले, तर एकूण गुण कितीही असोत, तिच्याशी त्याच दिवशी बोलायला हवे.

पण प्रश्नावलीच्या आधी आपले पहिले वाक्य येते. रिपोर्ट पाहून सासूबाईंसमोर ‘अभिनंदन!’ म्हटले की त्या बाईचे तोंड बंद झाले. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. तुम्हाला काय वाटतंय?’ एवढेच विचारावे आणि गप्प बसावे. तेही ती एकटी असताना. प्रत्येकच पेशंटच्या नातेवाइकांना काही वेळ बाहेर बसवण्याची पद्धत पाडली, तर घरच्यांना कोणा एकीबद्दल शंका येत नाही.

प्रत्येकीचा घोर वेगळा असतो. अंगावर पाजत असल्यामुळे पाळी आलीच नव्हती आणि पाचवा महिना लागल्यावर कळले, अशी एखादी असते. पाळी जायचे वय झाले असे समजून बसलेली असते. ऊसतोडीला निघालेल्या बाईचे पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेऊन खर्च झालेली, एक दिवस चुकला की खाडा म्हणून दंड. मूल हवे की नको, याच्या आधी तिच्यापुढे उचल कशी फिटणार हा प्रश्न उभा असतो. तिला ‘आनंदी राहा, चांगले विचार करा’ असे सांगणे निरुपयोगी आहे. फडावर जायचे की नाही, गेलीच तर तपासणी कुठे आणि प्रसूती कुठे, हे तिच्यासोबत बसून ठरवले तर तिच्या मनावरचा भार खरोखर हलका होतो.

नवऱ्याची सही मागणे आता थांबले पाहिजे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती कायद्याला पुरते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात अशा जादा अटींवर बोट ठेवले आणि या कायद्यापुरता वैवाहिक बलात्कारही बलात्कार मानला. जिच्यावर घरातच जबरदस्ती झाली, तिला त्याच माणसाची सही आणायला पाठवणे ही क्रूरता आहे.

‘नंतर पस्तावशील’ हा सल्लाही आपण सोडावा. गर्भपात मिळालेल्या आणि नाकारला गेलेल्या स्त्रियांचा अमेरिकेत पाच वर्षे पाठपुरावा झाला. गर्भपातामुळे मानसिक आजार वाढल्याचे त्यात दिसले नाही. ज्यांना परत पाठवले, त्यांच्यातच सुरुवातीला चिंता अधिक होती.

गर्भ ठेवायचा ठरवलेल्या स्त्रीला तर आपण पुरतेच विसरतो. निर्णय झाला म्हणजे घालमेल संपली, असे नसते. ‘मी आधी नको म्हटलं, म्हणून बाळाला काही होईल का?’ ही भीती ती महिनोन्महिने मनात ठेवते. नको म्हटल्याने बाळाला काहीही होत नाही, हे तिला डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. पुढच्या तपासण्यांत आणि बाळंतपणानंतर पुन्हा विचारा. पूर्वी नैराश्य आलेली, घरी मारहाण सोसणारी आणि पाठीशी कोणी नसलेली बाई अधिक जोखमीत असते.

मानसोपचारतज्ज्ञ प्रत्येक तालुक्यात नाहीत. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मात्र चोवीस तास, मोफत, मराठीतही उपलब्ध आहे. या महिन्यापासून तो आपल्या केसपेपरवर छापून घ्या, आणि तिला तो देण्याआधी पाच मिनिटे स्वतः तिचे ऐकून घ्या.