बांधावरचा आंबा आणि राबाचा कोयता

मावळातील शेतकऱ्यास कोयता चालविणे शिकवावे लागत नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजावयाचा म्हणून रानातील टहाळ तोडण्याची रीत येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु टहाळ तोडताना पाला मिळविणे एवढाच हेतू असतो. फळझाडास कोयता लावण्यापूर्वी फळ कोणत्या फांदीवर धरते हे ठाऊक असावे लागते. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे बांधावरचे आंबे एक तर वर्षानुवर्षे मोकाट वाढतात, नाही तर टहाळासारखे बोडके केले जातात.

जुन्नर-नारायणगावकडे द्राक्षाची एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी होते, हे सर्वांच्या कानी आहे. द्राक्षाचा घड नव्या फुटीवर येतो, पेरूचेही तसेच. आंब्याचा मोहोर मात्र पक्व काडीच्या शेंड्यावर येतो. ऑक्टोबरात आंब्याचे सर्व शेंडे छाटणारा शेतकरी त्या वर्षीचा मोहोरच छाटत असतो. म्हणून फळत्या झाडाची वाळलेली, रोगट व एकमेकींस घासणारी फांदी तेवढी काढावी, आणि मध्यभागी ऊन उतरावे यासाठी एखादी उभी फांदी. बांडगूळ नुसते ओरबाडून भागत नाही. त्याची मुळे लाकडात शिरलेली असतात. तेव्हा जोडाच्या खालून फांदीच कापावी. त्याचे चिकट बी पक्षी झाडोझाडी नेतात, यास्तव हे काम एकट्याने न करता सबंध शिवाराने एका हंगामात उरकणे इष्ट.

फळे उतरताच छाटणी करावी, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. लोणावळ्याच्या बाजूस तो जसाच्या तसा लागू करणे योग्य नव्हे. तेथे वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि ज्येष्ठातील ताजी जखम भाद्रपदापर्यंत ओलीच राहून बुरशीस आमंत्रण देते. तळेगावकडे पाऊस पुष्कळच कमी. तेथे हलकी छाटणी लगेच करता येईल. पश्चिम मावळात मोठी कापणी पावसाळा संपल्यावरच हाती घ्यावी.

मोठ्या कापणीची गरज आता खरोखरच निर्माण झाली आहे. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना राज्यात सुरू झाली. त्या काळी लावलेल्या कलमांच्या फांद्या जेथे एकमेकींत गुंतल्या आहेत, तेथे आतील भागात ऊन नाही आणि फळ केवळ टोकाला आहे. अशी झाडे लाकडाच्या व्यापाऱ्यास देण्याचा मोह होतो. मुख्य फांद्या योग्य उंचीवर कापून त्यांचे पुनरुज्जीवन करणे हाच अधिक शहाणपणाचा मार्ग होय. दोन हंगामांचे फळ बुडते हे खरे. परंतु नव्या कलमास त्याहून अधिक वर्षे वाट पाहावी लागते. सारी बाग एकाच वर्षी न कापता निम्मी कापल्यास घरची आवक अगदीच तुटत नाही.

जाड फांदी प्रथम खालून थोडी कापून मग वरून करवत चालवावी, म्हणजे साल सोलवटत नाही. जखमेवर १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी यांचे बोर्डो मलम त्याच दिवशी लावावे. बुंध्याभोवती पेंढ्याचे आच्छादन घालावे. नव्या फुटव्यांतील बाहेरच्या दिशेचे दोन-तीनच जोमदार फुटवे राखावेत. आणि खोडाशी भुसा दिसला की खोडकिड्याचे छिद्र शोधावे. कापलेल्या झाडावर तो हटकून येतो.

हे सर्व कार्तिकात, नेमके भातकापणीच्या घाईत येते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी झाडांवर खुणा करण्याचे काम गणपतीनंतरच उरकून घेतले, तर कापणी संपताच करवत लावता येईल.