भ्रष्टाचारात महाराष्ट्र पहिला? आकडा नीट वाचा की राव

परवा क्रांती चौकात चहा पिताना ओळखीच्या एका काकांनी मोबाईल पुढे केला. मेसेज: भ्रष्टाचारात महाराष्ट्र देशात पहिला! "तुम्ही पत्रकार लोक यावर का लिहीत नाही?" लिहितो काका. पण तुम्हाला आवडेल असं नाही.

आकडा खरा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात महाराष्ट्रात ७४९ गुन्हे. दुसरा राजस्थान, पाचशेच्या आसपास. बिहार, बंगाल आपल्या जवळपासही नाहीत. मग काय, तिकडे जमिनीची नोंद फुकट होते? लाच किती खाल्ली ते या आकड्यात नाहीच. किती लोकांनी तक्रार केली आणि एसीबीने किती सापळे लावले, मुख्यतः एवढंच त्यात आहे.

आपल्याच राज्यात बघा. एसीबीची आठ परिक्षेत्रं. नाशिक, पुणे, आपलं संभाजीनगर वर. मुंबई बहुतेक वेळा तळाला. म्हणजे मंत्रालय जिथे आहे तिथे सगळ्यात कमी लाच! पटतंय का?

काही वर्षांपूर्वी एक शेतकरी माझ्याकडे आला होता. फेरफाराला सात हजार मागत होते. मी १०६४ नंबर दिला, सोबत येतो म्हणालो. तो म्हणाला, "साहेब, हा जाईल हो, पण उद्या सातबारा त्याच सज्जातून काढायचाय." पैसे देऊन मोकळा झाला. त्याचे सात हजार कुठल्याच अहवालात नाहीत. जिथे तक्रार करायची सोयच नाही, त्या राज्यात असे सगळेच. तीच राज्यं यादीत स्वच्छ दिसतात.

म्हणून आपण कॉलर टाईट करायची का? अजिबात नाही.

सापळ्याच्या बातम्या मी वीस वर्षं लिहितोय. नाव आणि रक्कम बदलली की बातमी तयार. नोटांना अँथ्रासिन पावडर, दोन पंच, इशारा, धरपकड. सापडतो कोण? तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पाटी बदलली), जमादार, ज्युनिअर इंजिनिअर, नाहीतर टपरीवर पाकीट घेणारा 'खाजगी इसम'. महसूल आणि पोलीस ही दोन खाती दरवर्षी पुढे. आमदाराच्या सापळ्याची बातमी मी आजवर एकही लिहिलेली नाही.

याचं एक कारण कायद्यातच आहे. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७-अ घातलं. हातोहात पैसे घेताना पकडायचं तर परवानगी लागत नाही. पण पदावर बसून घेतलेल्या निर्णयाची नुसती चौकशी करायची, तरी आधी वरची परवानगी! पाचशेची नोट घेणारा लगेच आत, आणि पाचशे कोटींच्या फाईलवर सही करणाऱ्याची चौकशी करू का, हे सरकारलाच विचारायचं.

त्याआधी तरी काय दिवे लागले होते म्हणा. २०११-१२ ची राज्याची आर्थिक पाहणी आठवते? दहा वर्षांत सिंचन जेमतेम ०.१ टक्का वाढलं. खर्चाचा आकडा सत्तर हजार कोटींचा गाजत होता. श्वेतपत्रिका निघाली, चितळे समिती बसली, २०१४ ला अहवाल आला. आरोप होते सुधारित प्रशासकीय मान्यता देऊन किमती फुगवल्याचे, ठेकेदाराला आगाऊ रकमा दिल्याचे. असल्या व्यवहारात नोटांना पावडर कुठे लावणार? आणि मराठवाड्यात उन्हाळा आला की टँकर सुरूच.

तेव्हा काका, तो मेसेज खुशाल पुढे पाठवा. पण त्याखाली आपल्या आमदारांसाठी दोन प्रश्न टाका. १७-अ खाली परवानगीचे किती प्रस्ताव आले, किती महिन्यांपासून पडून आहेत? सापळ्यात सापडलेले किती जण पुन्हा त्याच जिल्ह्यात खुर्चीवर बसलेत? येत्या अधिवेशनात विचारा म्हणावं. लेखी उत्तर आलं की ही पोस्ट मी स्वतः पूर्ण करतो.