उत्तरपत्रिका कोणी लिहिली?

छायाचित्रातील चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणारी संगणकप्रणाली कितपत अचूक आहे, हे ठरविण्यासाठी उत्तरे आधीच लिहून ठेवलेला छायाचित्रसंच लागतो. यंत्राचे उत्तर त्याच्याशी जुळले की ते बरोबर. तेव्हा यंत्राआधी ही उत्तरपत्रिकाच तपासायला हवी, असे आम्हांस वाटते.

असा एक प्रयत्न २०१८ साली झाला. जॉय बुओलाम्विनी व टिम्निट गेब्रू यांनी दाखवून दिले की ‘अ‍ॅडियन्स’ या प्रचलित संचातील ८६.२ टक्के चेहरे उजळ वर्णाचे होते. म्हणून त्यांनी रवांडा, सेनेगल, दक्षिण आफ्रिका, आइसलँड, फिनलंड व स्वीडन येथील १,२७० संसदसदस्यांच्या छायाचित्रांचा नवा संच सिद्ध केला. त्यावर तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या असता गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत चुकीचे प्रमाण ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत ते ०.८ टक्क्यावर गेले नाही. सरासरीच्या आकड्याआड काय दडते, हे त्यामुळे जगाला कळले. या कार्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही.

तथापि या संचातही रकाने दोनच होते, आणि ते भरले गेले नाव, उपाधी व रूप पाहून. संशोधिकांनी ही मर्यादा लपविली नाही. परंतु वर्णाचा समतोल साधला तरी मूळ प्रश्न उरतोच: ज्याचा चेहरा, त्याला कोणी विचारले?

मराठीत ‘मी आलो’ की ‘मी आले’, हे बोलणारा स्वतः ठरवितो. कोल्हापूरकडील कित्येक स्त्रिया सहजपणे ‘मी आलो’ म्हणतात. क्रियापद ऐकून त्यांना पुरुषांच्या रकान्यात टाकणारा परका माणूस चुकेल, त्या नव्हेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ च्या निकालात स्वतःचा लिंगभाव स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला होता. दिसण्यावरून लिंगभावाचे अनुमान करता येत नाही, हे कारण देऊन गुगलने २०२० साली आपल्या चित्रविश्लेषण सेवेतून ‘स्त्री’, ‘पुरुष’ ही लेबले काढून टाकली.

यंत्रांचा पक्षपात उघड करण्यासाठी असे संच जरूर असावेत. मात्र त्यांवर शंभर टक्के गुण मिळविणारे यंत्रही माणूस ओळखते असे नव्हे. लेबल लावणाऱ्याचे मत ते बिनचूक गिरविते, एवढेच.