काय मारू?

जानेवारीतल्या एका रविवारी नारायणगावला मावसभावाकडे गेलो होतो. उन्हाळी टोमॅटोची रोपं टाकली होती त्याने. शेडनेटमध्ये, प्रो-ट्रेमध्ये, कोकोपीटवर, अठरा दिवसांची. चहा यायच्या आत दादाने फोन पुढे केला. एका पानाचा फोटो, त्याखाली दोनच शब्द, "काय मारू?" आणि त्याखाली सतरा उत्तरं. (मोजली मी.)

सतरा जणांपैकी एकानेही विचारलं नाही की बाबा रे, हे पान वरचं की खालचं?

तर मंडळी, आजची पोस्ट या दोन शब्दांवरच्या रागाची आहे. नात्यातली माणसंही हा ब्लॉग वाचतात, तेव्हा कुणी मनावर घेऊ नये. घेतलं तरी चालेल.

"काय मारू" हा प्रश्नच मुळात उलटा आहे. त्यात काहीतरी मारायचंच हे आधीच ठरलेलं असतं, फक्त डबा कुठला एवढंच बाकी. "काय झालंय" ही पायरी आपण गाळूनच टाकली. आणि पान तर सगळं सांगत असतं हो! नत्र आणि मॅग्नेशियम झाडात इकडून तिकडे हलतात. कमी पडले की झाड जुन्या पानांतून काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह आणि कॅल्शियम तसे हलत नाहीत, म्हणून त्यांची बोंब शेंड्यात आधी दिसते. शेंडा पिवळा पण शिरा हिरव्या, तर लोह बघा. आणि तेही कमी आहे की विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने अडवून ठेवलंय, ते पाण्याचा सामू मोजल्याशिवाय कळत नाही. नीट न धुतलेलं कोकोपीट तर स्वतःच क्षारांनी भरलेलं असतं. तिथे वरून आणखी खत ओतलं की मुळं जळणार, आणि पान पुन्हा पिवळंच दिसणार. शिवाय हिरव्या शेडनेटखाली काढलेल्या फोटोत खरा रंग येतच नाही. पान बाहेर उन्हात आणून बघावं लागतं. आणि उलटून बघावं लागतं. फुलकिडे, मावा, पांढरी माशी बरेचदा पानामागे बसतात, फोटो मात्र पुढून काढलेला.

दादाच्या रोपांची खालची पानं मागून जांभळी होती. किडा एकही नाही. एक रोप ट्रेमधून अलगद उपसून बघितलं, मुळं पांढरी, धडधाकट. त्या आठवड्यात रात्री कडाक्याची थंडी होती, आणि पाणी द्यायचा तो संध्याकाळी. गार मुळांना स्फुरद असूनही उचलता येत नाही, मग पान जांभळं पडतं. पडदे सूर्य मावळायच्या आत सोड, पाणी सकाळी दे आणि चार दिवस थांब, एवढंच मी म्हणालो.

पण उशीर झाला होता. आदल्या दिवशीच दुकानदाराने पाच बाटल्या दिल्या होत्या: बुरशीनाशक, कीटकनाशक, सूक्ष्म अन्नद्रव्यं, ह्युमिक आणि एक टॉनिक. सगळं एकाच पंपात. दोन दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मग नवा फोटो, आणि "आता काय मारू?"

दादाची बाजू मला कळत नाही असं नाही. रोपं पंचविसाव्या दिवशी रानात जायची असतात. मल्चिंग अंथरून, ठिबक टाकून रान तयार असतं. रात्री आठ वाजता उघडं असतं ते दुकान, प्रयोगशाळा नव्हे. पण जो औषध विकतो त्यालाच रोग विचारायचा, हा कुठला न्याय? आपल्याच नारायणगावात कृषी विज्ञान केंद्र आहे. तिकडे चार रोपं घेऊन जायला लागतो तेवढा वेळ पाच बाटल्या कालवायलाही लागतो.

2020 चा उन्हाळा आठवतोय ना? जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले पट्ट्यात टोमॅटो तीन-तीन रंगांचे पिकायला लागले आणि "तिरंगा व्हायरस" म्हणून बोंब झाली. करोनाचे दिवस, त्यात टीव्हीवर भीतीच्या बातम्या. लोक टोमॅटोला हात लावेनात. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत नमुने तपासले तेव्हा मुख्यतः काकडीवरचा मोझॅक विषाणू निघाला. तो मावा पसरवतो, आणि माणसाला तो काही करत नाही. झाडात शिरलेल्या विषाणूवर औषध नसतं. रोगट रोप उपटायचं आणि रोपवाटिकेत मावा येऊ द्यायचा नाही, एवढंच हातात. तरी त्या उन्हाळ्यात पंप चालूच होते.

आणि पाच औषधं एकत्र कालवणं हा फक्त खर्चाचा प्रश्न नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. दादा त्या दिवशी तोंडाला रुमालसुद्धा न बांधता फवारत होता. वहिनी ओरडल्या, तर म्हणे रोज मारतो, काही होत नाही.

गंमत बघा, शेजारी खोडदला तीस अँटेना लावून लोक आकाशगंगांपलीकडचं ऐकतात, आणि आपल्याला पान उलटवायचा कंटाळा. असो.

काल दादाचा फोन आला. थंडी ओसरली, नवी पानं हिरवीगार आलीत. "बघ, टॉनिक लागू पडलं!" कोपऱ्यातल्या चार ट्रेपर्यंत पंपाची नळी पोचली नव्हती, त्यांचं काय झालं, म्हणून विचारलं. तीही हिरवी आहेत म्हणे. वाऱ्याने तिकडे उडालं असेल थोडं.