आधी गणित, मग खोदकाम

नागझिऱ्याला जाणारा माणूस वाघ शोधतो. जवळच्या साकोलीच्या नावाने भूशास्त्रज्ञ एक प्राचीन खडकपट्टा ओळखतात, हे थोड्यांनाच ठाऊक असते. याच पट्ट्यात, नागपूर जिल्ह्यातील कुही परिसरात टंगस्टन आढळले आहे. शिलारस निवताना तापलेले पाणी भेगांतून वाहते, खडकातील खनिजे बदलते आणि वाटेत धातू साठवते. उष्णता, दाब व भेगांची गणिते मांडून संगणकावर ही वाट अजमावता येते; मात्र त्यासाठी खडकांचे नमुने अचूक हवेत. २०२३ मध्ये केंद्राने टंगस्टनचा समावेश ३० महत्त्वपूर्ण खनिजांत केला. नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्पात आहे. विकासाला माझा विरोध नाही; पण जंगलाशेजारी आंधळेपणाने भोके पाडण्याआधी हे गणित झालेच पाहिजे.