पिकअपची निगा घरीं, फेरफार मात्र नको

कांद्याच्या दिवसांत लासलगांव किंवा पिंपळगांव बसवंतच्या बाजारांत सकाळीं उभें राहून पाहिलें, तर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांबरोबर डिझेलच्या पिकअप गाड्यांची रांग लागलेली दिसते. ज्या घरीं पूर्वीं खिल्लारी जोडी बांधलेली असे, त्या घरच्या ओट्यापुढें आतां ही गाडी उभी असते. बैलांची निगा कशी राखावी हें त्या घरांतील पोरांना शिकवावें लागत नसे. गाडीची रोजची निगा मात्र आपण सर्वस्वीं परक्याच्या हातीं सोंपविली आहे; आणि ज्या कामांत हात घालूं नये, तें काम रस्त्याकडेच्या वेल्डिंगवाल्याकडून बिनदिक्कत करून घेतों. या उलट्या व्यवहाराविषयीं आज थोडें स्पष्ट लिहावें असें आम्हांस वाटतें.

आपल्यांतील वयोवृद्ध मंडळींस विहिरीवरचें ऑईल इंजिन आठवत असेल. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी पुण्यास १९४६ सालीं निघाली, आणि त्यानंतरच्या पिढीनें हँडल मारतां मारतां इंजिनाचा ठोका ऐकून दोष ओळखण्याची विद्या घरच्या घरीं मिळविली. डिझेलमध्यें हवा धरली तर नट सैल करून ती काढावी, हें शाळेंत न गेलेल्या गड्यासहि ठाऊक होतें. ती विद्या वायां गेलेली नाहीं. परंतु ती जशीच्या तशी नव्या गाडीस लावणें जिवावर बेतण्याजोगें आहे. नव्या गाड्यांत डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या हजार-दीड हजार पटींवर जातो. चालू इंजिनाचा नट सैल केला, किंवा गळती कोठें आहे हें बोटानें चांचपून पाहिलें, तर ती सुईसारखी धार कातडी भेदून आंत शिरते. वरून कांटा टोंचल्याएवढी खूण दिसते. आंत मात्र मांस मरूं लागतें, आणि शस्त्रक्रियेस उशीर झाल्यास बोट किंवा हातहि गमवावा लागतो. गळती शोधावयाची तर दुरून पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. नळ्या सोडण्याचें काम मेकॅनिकचेंच.

मग घरीं काय करावें? पहिलें काम पाण्याचें. डिझेल फिल्टरच्या तळाशीं पाणी सांठतें व तें सोडण्यास स्क्रू असतो. शेतावर पिंपांत डिझेल ठेवणाऱ्यांच्या गाडींत हें पाणी अधिक येतें. कारण अर्ध्या रिकाम्या पिंपास रात्रीच्या गारव्यानें आंतून घाम सुटतो. गाडीच्या टाकीचेंहि तसेंच, म्हणून पावसाळ्यांत रात्रीं टाकी भरलेली असावी. इंजिन बंद असतांना स्क्रू सैल करून पाणी भांड्यांत घ्यावें व निव्वळ डिझेल येऊं लागलें कीं तो आवळावा. पांच मिनिटांचें हें काम न केल्यास पंप व इंजेक्टर गंजतात. आणि इंजेक्टर बदलण्यास काय पडतें, हें ज्यानें ते बदलले आहेत त्यासच विचारावें.

दुसरें काम हवेच्या फिल्टरचें. चैत्र-वैशाखांत फुफाट्याच्या वाटेनें रोज खेपा करणाऱ्या गाडीनें पुस्तकांत छापलेल्या किलोमीटरांची वाट पाहूं नये. फिल्टर कोंदला कीं धूर काळा येतो, ओढ कमी होते व डिझेल अधिक जातें. कागदी फिल्टर पाण्यानें धुऊं नये. हवा मारावयाची तर आंतून बाहेर आणि हळू मारावी. बाहेरून जोरानें मारलेली हवा धूळ कागदांत अधिकच रुतविते, आणि कागद फाटला तर तीच धूळ सिलिंडरांत जाऊन कांचकागदासारखी घांसते.

तेल सकाळीं, गाडी सपाट जागीं असतांना, कांडी पुसून पाहावें. डिझेल इंजिनाचें तेल लौकर काळें पडतें. काजळी पोटांत घेणें हें त्याचें कामच आहे, त्यास भिऊं नये. भ्यावें तें तेल वाढलेलें दिसल्यास. तेल आपोआप वाढत नाहीं. त्यांत कांहीं तरी मिसळलें आहे असें समजावें. चाकांतील हवा, ग्रीस, पट्टा यांविषयीं आम्हीं लिहावें असें कांहीं नाहीं. एवढेंच कीं गाडीखालीं शिरतांना केवळ जॅकवर विसंबूं नये. रानांतल्या मातींत जॅक रुततो. खालीं फळी व चासीखालीं लांकडाचे ओंडके द्यावे.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांस भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, आणि डिझेलमधील गंधक दशलक्षांत ५० भागांवरून १० भागांवर आलें. या नियमांच्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळींत काजळी अडविणारी जाळी असते. सांठलेली काजळी अधूनमधून सुमारें ६०० अंश उष्णतेनें जाळली जाते, व त्यासाठीं गाडी वीस-तीस मिनिटें मोकळ्या रस्त्यावर सलग धांवावी लागते. घर ते मळा, मळा ते डेअरी अशा दोन-तीन किलोमीटरांच्या फेऱ्यांत ती संधि मिळत नाहीं. दिवा लागतो, इंजिन मध्येंच बंद होतें, आणि काजळी जाळण्यासाठीं सोडलेलें डिझेल तेलांत उतरतें. वर सांगितलेली तेलाची वाढ बहुधा हीच. उपाय सोपा आहे. दिवा लागला कीं गाडी अर्धा तास हमरस्त्यावर न्यावी. जाळी तापलेली असतां गाडी वाळल्या पाचटावर उभी करूं नये. जाळीच काढून टाकण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांचें ऐकूं नये.

कांहीं गाड्यांस युरियाच्या द्रावणाची निराळी टाकी असते. घरांत खताचें पोतें असतां हें द्रावण विकत कां घ्यावें, असें आम्हांस एकाहून अधिक सभासदांनीं विचारलें आहे. त्या द्रावणांत ३२.५ टक्के शुद्ध युरिया व बाकीचें क्षाररहित पाणी असतें. आपला युरिया २०१५ पासून निंबोळी तेल लावूनच येतो. तें तेल आणि विहिरीच्या पाण्यांतील क्षार त्या यंत्रांत थर धरतात व सबंध भाग निकामी होतो. शिवाय शेतीचें खत अन्य कामीं वापरणें हा गुन्हा आहे, तें वेगळेंच.

आतां फेरफारांविषयीं. दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं आमचाच अनुभव सांगतों. आम्हीं आमच्या गाडीच्या मागील कमानींस दोन-दोन पाटे जास्त घालून घेतले. भरलेली गाडी बसेना, याचाच आनंद वाटला, आणि कांद्याचीं पोतीं तीसांवरून पंचेचाळीसांवर गेलीं. दुसऱ्या हंगामांत चासीस कमानीच्या बैठकीशीं केसाएवढी भेग आढळली. ती गाडी धुतांना आढळली, घाटांत नव्हे, हें आमचें दैव.

पाटा वाढविल्यानें कमान तेवढी ताठ होते. आंस, बेअरिंग, टायर, ब्रेक व चासी पूर्वींचींच राहतात. त्याहून वाईट गोष्ट अशी कीं, कांहीं गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर ओझ्याप्रमाणें कमी-अधिक करणारा वाल्व असतो. आंस व हौदा यांमधील अंतर कमी झालें म्हणजे ओझें आलें असें तो समजतो. कमान ताठ केली कीं भरलेली गाडीहि त्यास रिकामी भासते. ओझें दीडपट आणि मागचा ब्रेक रिकाम्या गाडीचा, ही स्थिति सपाटीवर ध्यानांत येत नाहीं. कसारा घाट उतरतांना येते. चासीस भोकें पाडणें व बॅटरीच्या तारा न सोडतां वेल्डिंग करणें हेहि असेच घातक प्रकार होत. पहिल्यानें चासी दुबळी होते, दुसऱ्यानें गाडीचा संगणक जळण्याचा संभव असतो.

कायदाहि स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ कारखान्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलांत बदल करण्यास मनाई करतें, व सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तोच अर्थ कायम केला. जादा ओझ्यास २०१९ च्या दुरुस्तीनें वीस हजार रुपये व दर जादा टनास दोन हजार असा दंड सांगितला आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी प्रथम हेच फेरफार पुढें करते.

कायदेशीर ओझ्यांत खेप परवडत नाहीं, हें शेतकऱ्याचें म्हणणें आम्ही खोटें मानीत नाहीं. डिझेलचा भाव व कांद्याचा भाव यांची सांगड कशी बसते हें आम्हांसहि भोगावें लागतें. पण त्यावर उपाय दोन-चार शेजाऱ्यांनीं मिळून मोठी गाडी सांगण्याचा आहे, लहान गाडीस मोठी करण्याचा नव्हे. आणि हौद्यास फळ्या व दांडे लावून त्यांत लागवडीच्या बायका उभ्या करून नेणें, हें तर कोणत्याहि हिशेबांत बसत नाहीं. पोत्यांचें नुकसान भरून येतें. त्या बायांच्या घरीं आपण काय सांगणार आहोंत?

हौद्यांत रबरी चटई, खालून गंजरोधक रंग, मागें परावर्तक पट्ट्या, जाळींतून वारा खेळेल अशी ताडपत्री, एवढ्या सोयी ज्यानें त्यानें खुशाल कराव्या. आमच्या हातीं पडलेलें गाडीचें माहितीपुस्तक इंग्रजींत होतें; तें मराठींत मिळालें पाहिजे, अशी मागणी संस्थेनें विक्रेत्यांकडे करावी. तसेंच गाडीच्या संगणकांतील दोष वाचणारें यंत्र संस्थेनें आपल्या गोदामांत ठेवावें व तें चालविण्यास एका तरुण सभासदास शिकवावें. दिवा कशानें लागला हें गांवांतच कळलें, तर तालुक्याच्या निम्म्या फेऱ्या वांचतील. येत्या सर्वसाधारण सभेंत हा विषय आम्ही मांडणार आहोंत. सभासदांनीं आपले अनुभव, विशेषतः पाटे घातलेल्या गाड्यांचे, त्यापूर्वीं आमच्याकडे लिहून पाठवावे.